उणे ते कोणी आणावे?

संगणकाचा प्रोग्रॅम एखाद्या कारागिराने एकट्याने घडविलेला असतो, ही समजूत अजून बरीच रूढ आहे. वास्तविक आजचा कोणताही मोठा प्रोग्रॅम शेकडो सुट्या भागांतून जुळविलेला असतो आणि त्यांतील बहुतेक भाग इतरांवर विसंबून असतात. लग्नघरी एका पाहुण्याला आमंत्रण द्यावे आणि मागोमाग त्याचे सारे गणगोत दारात उभे राहावे, तसा हा प्रकार. हे गणगोत जमविण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे कसे गेले, ते आपण पाहू.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन या लिनक्स-संचाची घोषणा केली. त्यातील प्रत्येक पुडक्यावर एक चिठ्ठी असे : मला अमुक लागते, तमुकाशी माझे पटत नाही. 'डीपीकेजी' हे साधन ती चिठ्ठी वाचून तक्रार करी, परंतु उणी वस्तू स्वतः आणीत नसे. १९९५ च्या रेड हॅटमधील 'आरपीएम'चीही तीच तऱ्हा. माणसाने एक वस्तू आणावी, तिने आणखी दोन मागाव्यात आणि त्यांतली एक घरात असलेल्या तिसरीशी भांडावी! या दशेला जाणत्यांनी 'अवलंबनाचा नरक' असे नाव दिले, ते काही उगीच नव्हे.

९ मार्च १९९९ रोजी डेबियन २.१ बरोबर 'ॲप्ट' आले. एका आज्ञेसरशी ते चिठ्ठ्यांची साखळी शेवटपर्यंत वाची, उणे ते भांडारातून आणी व योग्य क्रमाने बसवी. योगायोग असा, की त्याच महिन्यात 'ओएसजीआय' ही संस्था स्थापन झाली. जावा भाषेतील प्रोग्रॅम सुट्या 'बंडलां'नी बांधण्याची रीत तिने घालून दिली. बंडल आपल्या चिठ्ठीत काय घेतो आणि काय देतो हे लिहितो. घ्यावयाचे मिळाले नाही, तर तो सर्व्हरवर नुसता बसून राहतो, कामाला लागत नाही.

शोध घेणे हे वरवर हिशेबनिसाचे काम वाटते. तसे ते नाही. एकाच भागाच्या अनेक आवृत्त्या असतात, 'हा नाही तर तो' अशी सवलत असते, शिवाय भांडणे असतातच. तीस पुडकी घ्यावीत की टाकावीत एवढेच ठरवायचे म्हटले, तरी १०७ कोटींहून अधिक जुळण्या संभवतात. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्या तर्कप्रश्नाचे काठिण्य दाखवून दिले, त्याच जातीचा हा प्रश्न आहे, हे २००६ च्या सुमारास युरोपातील संशोधकांनी सिद्ध केले. २००८ च्या जूनमध्ये एक्लिप्सने आपल्या 'पी-टू' या साधनात थेट तर्कप्रश्न सोडविणारे 'सॅट-फोर-जे' जोडले. शुद्ध गणिताची ही चाकरी आम्हांस मोठी मौजेची वाटते.

तथापि चिठ्ठीवर नसलेले कोणताही शोधक आणू शकत नाही. डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाचे नाव पुष्कळदा प्रोग्रॅमच्या पोटात साध्या अक्षरांत लिहिलेले असते आणि चालू झाल्यावरच वाचले जाते. चिठ्ठ्या जुळतात, बंडल उभा राहतो आणि पहिली मागणी येताच कोसळतो.

दुसरा धोका दाराबाहेरचा. २२ मार्च २०१६ रोजी 'एनपीएम' भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा भाग त्याच्या कर्त्याने काढून घेतला आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते, अशांची कामे अडली. आमचे मत असे, की शोध कारागिराच्या मेजावर करावा आणि निघालेली यादी आवृत्त्यांसह गोठवून सर्व्हरकडे न्यावी. सर्व्हरने ऐन वेळी बाजारात जाऊ नये. रूबी भाषेच्या 'बंडलर'ने ही चाल २०१० मध्येच दाखविली होती. 'यार्न'ने ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि 'एनपीएम'ने २०१७ मध्ये अशा याद्यांचा प्रघात पाडला.

याद्या असल्या म्हणजे त्या वाचल्या जातात, असे मात्र नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या नोंदी ठेवणाऱ्या भागात भयंकर छिद्र उघडकीस आले, तेव्हा जगभरच्या व्यवस्थापकांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो दुरुस्तीचा नव्हे : हा आमच्याकडे आहे का, आणि कोणाच्या मागून आला?