फटफटी कोण शिकवतं?

आमच्या लातूर-नांदेडकडे मोटरसायकल शिकवणारी माणसं ठरलेली असतात. काका, मामा किंवा मोठा चुलतभाऊ. जागाही ठरलेल्या: गावाबाहेरचं पडीक रान, नाहीतर सुट्टीच्या दिवशीचं शाळेचं मैदान. अभ्यासक्रम अर्ध्या तासाचा. क्लच दाब, गिअर टाक, क्लच हळूहळू सोड. शेवटी जवळपास प्रत्येकाला एक उपदेश मिळतो: "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील." मग आरटीओच्या आवारात आठचा आकडा काढून दाखवला, की एमएच २४ किंवा एमएच २६ पाटीची गाडी घेऊन महामार्गावर जायला माणूस मोकळा.

यात गाडी चालवायला शिकवलं जातं. थांबवायला आणि बघायला कोण शिकवतं, हा प्रश्न मला यंदा पडला. धाकट्या चुलतबहिणीला शिकाऊ लायसन्स मिळालं आणि शिकवायची पाळी माझ्यावर आली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, हेल्मेट घातलं की झालं ना?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी बराच मागे, थेट १९३५ सालापर्यंत गेलो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा कोलमडली, की दुसऱ्या दिवशी बसून तिची चिरफाड होते. चूक कुणाची, यापेक्षा नेमकं काय, कोणत्या क्रमानं घडलं याची नोंद ठेवतात. रस्त्यावर अपघात झाला की आपण "नशीब" म्हणतो, नाहीतर "पोरगं जोरात होतं" म्हणतो, आणि विषय संपतो. मोटरसायकलच्या इतिहासात मात्र अशी चिरफाड करणारी दोन माणसं होऊन गेली.

पहिला ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या एका रस्त्यावर टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना आपल्या मोटरसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होता. पुढे त्यानं मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आकडे मांडले. महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटरसायकलवरचे २,२७९ लोक रस्ते अपघातांत मेले होते. त्याआधीच्या २१ महिन्यांपेक्षा हा आकडा सुमारे एकपंचमांशानं जास्त होता. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्याला अभ्यासाला मिळाले फक्त सात, आणि सातही जगले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं मोटरसायकलस्वार सैनिकांना हेल्मेट सक्तीचं केलं.

त्या काळात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं ब्रिटनचे रस्ते अंधारात असत. आपल्याकडे युद्ध नसतानाही असा अंधार भेटतो. गाळप हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यानं चाललेला असतो. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. त्या ट्रॉलीचा आकार दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

केर्न्सचं हेल्मेट पुढे कायद्यात आलं. ब्रिटननं १९७३ साली ते सर्वांना सक्तीचं केलं आणि १९७६ साली पगडीधारी शिखांना त्यातून सूट दिली. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम १२९मध्येही ही सूट आहे. हजूर साहिबच्या नांदेडमध्ये ती रोज डोळ्यांसमोर दिसते. एकाच चौकात एक पगडीधारी स्वार कायद्यानुसार हेल्मेटशिवाय जातो, आणि त्याच्या बाजूचा दुसरा कायदा मोडून. बाकी महाराष्ट्रानं हेल्मेटशी भांडणच मांडलं. २०१६च्या जुलैत तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. २०१९च्या जानेवारीत पुण्यात सक्तीविरोधात लोक रस्त्यावर उतरले. या सगळ्या भांडणात हेल्मेट म्हणजे पोलिसांचा विषय होऊन बसलं. चौक आला की डोक्यावर, चौक गेला की आरशावर.

दुसरीकडे गाड्या मात्र झपाट्यानं आल्या. आधीच्या पिढीसाठी फटफटी म्हणजे गावातली एखाददुसरी राजदूत नाहीतर बुलेट. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. कमी पेट्रोल खाणारी, हलकी, कुणालाही झेपणारी गाडी. बैलगाडी आणि सायकलीवरून आलेली घरं एका पिढीत मोटरसायकलवर बसली. गाडीसोबत कंपनीनं माहितीपुस्तिका दिली, सरकारनं पुढे कायदा दिला. शिकवण्याचं काम मात्र पडीक रानातल्या काकांकडेच राहिलं.

दुसरा माणूस इथे उपयोगी पडतो. हॅरी हर्ट या अमेरिकी संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल आला १९८१ साली. तो वाचताना मला आमचंच पडीक रान दिसत होतं. अपघातातले ९२ टक्के स्वार स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे 'जोरात होतं' हे कारणही दरवेळी टिकत नाही. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोनतृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या चालकानंच स्वाराची वाट अडवली होती. धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हातात साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ असे. आणि तेवढ्या वेळात बहुतेक जण मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवत. पुढचा पुरेसा दाबतच नसत.

म्हणजे काकांचा तो उपदेशच उलटा होता. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं आणि चटकन घसरतं. थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो झटक्यात नव्हे, दाब वाढवत नेऊन मारायचा, मागच्याच्या जोडीनं. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेही याचसाठी. पण उपदेश अजून जुनाच चालू आहे.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. हेल्मेट लागतंच, आयएसआय खुणेचं, हनुवटीचा पट्टा लावलेलं. पण ते टक्कर झाल्यानंतर कामाला येतं. टकरीच्या आधीचे ते दोन सेकंद नजरेचे असतात. ताशी ६०च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. खिशातला फोन वाजला म्हणून मन दोन सेकंद तिकडे गेलं, तर तेहतीस मीटर रस्ता न बघता कापलेला असतो.

म्हणून पहिले आठ दिवस आम्ही गिअरपेक्षा ब्रेकच जास्त शिकलो. ठरवलेल्या रेषेवर थांबायचं, आधी वीसच्या वेगात, मग तीसच्या, मग चाळीसच्या. नंतर लातूर-अहमदपूर रस्त्यावर ती मागे बसली आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगत गेली. दुभाजक फोडून केलेली वाट. उलट्या बाजूनं येणारी दुचाकी. ढाब्यासमोर उभा ट्रक, त्याच्या आडून निघू शकणारा माणूस. थांबलेल्या ॲपे रिक्षाचं वळवलेलं पुढचं चाक. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे न बघता मोकळ्या वाटेकडे बघायचं, कारण नजर जाते तिकडेच गाडी जाते. अर्ध्या तासात तिचा घसा बसला. "एवढं सगळं रोज बघायचं?" म्हणाली. मी हो म्हणालो.

आमच्या वर्गातला एक मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी याच रस्त्यावर गेला. दिवाळी संपवून नांदेडला परत येत होता. नेमकं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. वर्गात सगळे म्हणाले, नशीब.