बाकाबाई भोसले व तिचा नातू : पालकत्वाचें एक प्रकरण

अज्ञान वारस कोणाच्या ताब्यांत असावा यावरून झालेले तंटे मराठ्यांच्या इतिहासांत थोडे नाहींत. ताराबाईनें नातू म्हणून पुढें आणलेल्या रामराजास १७५० सालीं साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेवलें, आणि पुढें १७५२ सालीं जेजुरीस तो आपला नातूच नव्हे अशी शपथ वाहिली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सवाई माधवरावाभोंवतीं तर जन्मापूर्वींच पहारा बसला. गंगाबाईस पुरंदरावर नेऊन ठेवण्याचें कारण तेंच. परंतु १८१८ सालीं नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यांत एका आजीच्या हातीं नातवाचें पालकत्व आलें, त्या प्रकरणाचा विचार या दृष्टीनें करण्यासारखा आहे. वऱ्हाडच्या अभ्यासकांस तें परकें नाहीं. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख गेला तरी अकोल्याकडील नरनाळा व अमरावतीकडील गाविलगड हे दोन किल्ले भोसल्यांकडे राहिले होते; ते ज्या उलथापालथींत सुटले तिच्यांतूनच हें पालकत्व जन्मास आलें.

आमच्या धर्मशास्त्रांत अज्ञानाच्या धनाचा विचार बराच आहे. पोरक्या मुलाचें द्रव्य तें जाणतें होईपर्यंत राजानें राखावें असें मनु सांगतो. सोळा वर्षांची मर्यादा नारदानें घातली आहे. पण मुलाचा देह कोणाच्या हातीं असावा, आई नसतां आजीचा हक्क किती, चुलत्याचा किती, याविषयीं ग्रंथकार फारसें बोलत नाहींत. सामान्य घरांत तें बोलण्याची गरज पडत नसावी. राजघराण्यांत मात्र ज्याच्या मांडीवर मूल त्याच्या हातीं शिक्का, अशी स्थिति होती.

ही गोष्ट बाकाबाईस अनुभवानें कळलेली होती. तिचा पति दुसरा रघूजी ता. २२ मार्च १८१६ रोजीं वारला. त्याचा मुलगा परसोजी हा बाकाबाईचा सावत्र मुलगा. वयानें मोठा, परंतु अंध व दुर्बळ, म्हणजे व्यवहारांत अज्ञानच. बाकाबाईनें धर्माजी भोसल्याच्या साहाय्यानें त्यास व जामदारखान्यास आपल्या ताब्यांत ठेवलें. रघूजीचा पुतण्या आप्पासाहेब यानें थोड्याच दिवसांत धर्माजीस पकडलें, परसोजीस आपल्या हातीं घेतलें आणि मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. धर्माजीस ठार मारण्यांत आलें. ता. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी बिछान्यांत मेलेला आढळला. आप्पासाहेब त्या वेळीं चांद्याकडे होता. तरी खुनाचा आरोप त्याच्यावरच आला. ताबा गेल्यापासून वर्षाच्या आंत माणूस गेला, एवढा हिशेब ध्यानांत ठेवला म्हणजे बाकाबाईचें पुढील वर्तन समजतें. तिला केवळ सत्तालोलुप ठरविणारे लेखक हा हिशेब करीत नाहींत.

नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ च्या जानेवारींतील करारानें आप्पासाहेबानें नर्मदेकडील मुलूख व गाविलगडासह वऱ्हाडांतील राहिलेला हक्क सोडला. मार्चांत त्यास कैद झाली. प्रयागाकडे नेत असतां मे महिन्यांत तो वाटेंतून निसटून महादेवाच्या डोंगरांत शिरला. गादी रिकामी पडली. तेव्हां रघूजीची मुलगी बानूबाई हिचा मुलगा बाजीबा, वयानें सुमारें दहा वर्षांचा, यास परसोजीची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर दत्तक देऊन जून १८१८ मध्यें तिसरा रघूजी या नांवानें गादीवर बसविलें.

येथें शास्त्राची एक गांठ आहे. बाजीबा हा परसोजीचा भाचा. भागिनेय व दौहित्र यांस दत्तक घेणें नंदपंडितानें दत्तकमीमांसेंत त्रैवर्णिकांस निषिद्ध मानलें आहे. नागपुरास कुळाचार व निकड यांपुढें तो निषेध आड आला नाहीं. आणि या दत्तविधानानें बाकाबाईचें नातें दुहेरी झालें : जन्मानें ती मुलाच्या आईकडील आजी, दत्तकानें बापाकडील. पालकत्व मागण्यास याहून बळकट नातें दुसऱ्या कोणाचें नव्हतें.

तिला जें मिळालें तें मात्र अर्धेंच. कारभारी मंडळाच्या शिरावर तिचें नांव राहिलें व राजाच्या देहाची आणि वाड्याची देखरेख तिच्याकडे आली. मुलुखाचा वसूल, न्याय, फौज हीं खातीं रेसिडेंट जेंकिन्स यानें आपल्या अंमलदारांकडून चालविलीं. देह आजीकडे व धन कंपनीकडे, अशी ही वांटणी. मनूनें राजास दिलेलें काम येथें परक्या वकिलानें उचललें. शिवाय वऱ्हाडांतील हक्क तर मूल गादीवर येण्यापूर्वींच सोडून दिलेले होते, त्यामुळें त्यांविषयीं पालकास बोलण्यास जागाच उरली नव्हती. असें असलें तरी ज्या वाड्यांत परसोजी मेला त्याच वाड्यांत हें मूल वाढून जाणतें झालें, हें बाकाबाईच्या पदरीं टाकलें पाहिजे. १८२६ च्या तहानें रघूजीस अधिकार मिळण्यास आरंभ झाला व १८३० पर्यंत सर्व मुलूख त्याच्या हातीं आला.

त्या काळाचें मुख्य मराठी साधन म्हणजे काशीराव राजेश्वर गुप्त याची नागपूरकर भोसल्यांची बखर. ती जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हें वाचकानें विसरूं नये. आप्पासाहेबाविषयीं त्या दरबारीं कोणता सूर रुचला असता, हें सांगणें नलगे.

१८१८ च्या कृत्याचा खरा हिशेब पुढें पस्तीस वर्षांनीं झाला. ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. वृद्ध बाकाबाई अद्याप हयात होती. ज्या नातवास राखलें त्याची उत्तरक्रिया पाहण्याची वेळ तिच्यावर आली. ती क्रिया यशवंतराव अहेरराव या आप्ताच्या हातून झाली व राण्यांनीं त्यास दत्तक मानलें. डलहौसीनें ता. २८ जानेवारी १८५४ च्या टिपणांत तें अमान्य केलें. त्याचें म्हणणें, आप्पासाहेबाच्या अपराधानें राज्य जप्त झालें होतें. १८१८ सालीं मुलाला मिळालें तें वारसाहक्कानें नव्हे, इंग्रजांच्या देणगीनें. म्हणून औरस नसतां तें देणाऱ्याकडे परत जातें. म्हणजे वाड्यांत ज्यास दत्तविधान म्हटलें, त्यास कलकत्त्यास दान म्हटलें. आमच्या मतें हा युक्तिवाद लंगडा आहे. निव्वळ दानच करावयाचें होतें तर विधवेची मांडी कशास पाहिजे होती? कौन्सिलांतील कर्नल लो यानेंही खालसा करण्याविरुद्ध मत दिलें. रेसिडेंट मॅन्सेल यानेंही दत्तकास अनुकूल शिफारस केली होती. मार्च १८५४ मध्यें राज्य गेलें. त्यापूर्वीं दहा महिने, मे १८५३ च्या करारानें, निजामाकडून वऱ्हाडही कंपनीच्या ताब्यांत आलें होतें.

पुढें अमरावती-अकोल्याच्या न्यायालयांत हा प्रश्न निराळ्या वेषानें आला. वऱ्हाड नांवानें निजामाचें असल्यामुळें कलकत्त्याचे कायदे तेथें वेगळ्या हुकुमानें लावावे लागत. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानें अज्ञानाचा देह व त्याची मालमत्ता या दोन बाबी स्पष्टपणें वेगळ्या मांडल्या, आणि निवडींत मुलाच्या हितास प्रमुख स्थान दिलें. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेंही नैसर्गिक पालकांत आजी-आजोबांस घेतलेलें नाहीं. त्यांस जिल्हा न्यायालयांत अर्जच करावा लागतो. असे अर्ज व्यर्थ जातात असें नाहीं : महामारींत आईबाप गमावलेल्या एका मुलाचा ताबा जून १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जून २०२२ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें मावशीऐवजीं बापाच्या आईबापांकडे दिला.

बाकाबाई १८५८ सालीं वारली. १८५७ च्या धामधुमींत ती इंग्रजांविरुद्ध उठली नाहीं, व त्याची भरपाई म्हणून कॅनिंगच्या कारकीर्दींत यशवंतरावाचें दत्तविधान मान्य होऊन, जानोजी या नांवानें, त्यास सातारा प्रांतांतील देऊरचा ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला. राज्य परत आलें नाहीं. वऱ्हाडांतील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत अज्ञान वतनदारांविषयीं महजर, निवाडपत्रें किंवा आजीच्या नांवचीं मोडी पत्रें ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं त्यांवर दोन गोष्टी अवश्य टिपून घ्याव्या : शिक्का कोणाचा, आणि मूल त्या दिवशीं कोणाच्या घरीं होतें.