सोळा आण्यांचे रान

पांढरीत घर आणि काळीत शेत, ही आपल्या गावगाड्याची जुनी मांडणी. पण विट्याच्या शिवारात हिंडून पाहावे, म्हणजे ही ‘काळी’ कोठे तांबडी, कोठे नुसता मुरूम असल्याचे ध्यानात येते. ओढ्याकाठचे रान सोळा आणे आणि माळावरचे बरड दोन आणे, हा हिशेब आला कोठून?

मराठी अमलात अव्वल, दूम, सीम अशा प्रती होत्याच. इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबाने पुणे भागात निव्वळ उत्पन्नाचे गणित मांडून सारा बसवला. गणित कागदावर मोठे शास्त्रशुद्ध. रयत मात्र बुडाली. मग १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी प्रतबंदी सुरू केली. १८४७ साली तिचे नियम ठरले. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि पुढे ती आमच्या खानापूर तालुक्यातही आली.

पद्धत मोठी मजेची. शेताच्या नकाशावर चौकोन पाडायचे, प्रत्येकात खणून मातीची खोली हातांनी मोजायची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती म्हणजे पहिली प्रत. तांबडी, जाडसर माती त्याखाली. खडेमिश्रित भुरकट आणखी खाली. चुनखड, वाळू, उतार असा दोष निघाला की प्रत उतरायची. अशा एकूण नऊ प्रती. सारा तीस वर्षांसाठी कायम.

कोरडवाहू ज्वारी ओलीवर जगते आणि ओल मातीच्या खोलीवर टिकते. तेव्हा हे माप शहाणपणाचेच होते. पण साऱ्यासाठी केलेले माप माणसांनाही लागले. सोयरीक जुळवताना ‘रान कसले?’ हा प्रश्न आधी. पाऊस बेभरवशाचा, त्यात असली जमीन; इकडची कितीतरी पोरे गलाईचे काम शिकून, सोनेचांदी गाळीत देशभर पांगली.

आता टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी वर चढवले आहे. पाण्याचा निचरा चटकन होणाऱ्या हलक्या रानात द्राक्ष, डाळिंब धरते. मुळांना हवा मिळते. उलट खाली कृष्णाकाठी, वाळवा-मिरजेकडे, उसाला बेसुमार पाणी पाजून कित्येक भारी काळी राने क्षारपड झाली. विंगेटच्या वेळी असे पाणीच नव्हते, त्याला दोष कसा द्यावा? आजचे मृदाशास्त्रज्ञ खोलीबरोबर उतार, निचरा, क्षार पाहून जमिनीचे आठ वर्ग करतात. त्यांतले पहिले चारच नांगराखाली आणण्याजोगे, उरलेले कुरणाला, झाडाला.

माळावर बाग उभी राहिली, तरी सातबाऱ्यावर तिचा आकार अजून जुन्या हिशेबाचाच, थोड्या पैशांचा आहे.