लुतेतला कोळी

केस झडलेलं, अंगभर चट्टे उठलेलं कुत्रं दिसलं की आपण म्हणतो, त्याला लूत लागली. या लुतेत एक कोळी दडला आहे. संस्कृतात ‘लूता’ म्हणजे कोळी, आणि त्याच्या विषाने उठणारा त्वचारोगही लूताच. मराठीत कोळी गळून पडला, रोग तेवढा उरला.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूताविषाचं सविस्तर वर्णन आहे. त्यातली कथा अशी: विश्वामित्राने वसिष्ठांना कोपवलं, संतापलेल्या ऋषींच्या कपाळीचा घाम गायीसाठी कापून ठेवलेल्या गवतावर ठिबकला आणि त्यातून हे जीव निपजले. कापलेलं ते ‘लून’, म्हणून ती लूता. व्युत्पत्ती म्हणून मला ही ओढूनताणून जुळवलेली वाटते. पण गवतात हात घालणाऱ्यांचं भय तिच्यात खरं आहे. सुश्रुताच्या मते लूतेचं विष दातांतूनच नव्हे, तर लाळ, नखं, मूत्र अशा सात वाटांनी बाहेर पडतं. म्हणजे चावा नसतानाही अंगावर काही उठलं, की दोष लूतेचा. एकच शब्द कोळ्याला आणि कातडीच्या रोगाला कसा चिकटला, ते इथे उमगतं.

आता सह्याद्रीच्या रानातला ‘पिसिलोथेरिया रेगॅलिस’ घ्या. हा झाडांच्या ढोलीत राहणारा मोठा, केसाळ कोळी. चावला तर स्नायूंत जबर पेटके येतात. पण अमेरिकेतले त्याचे कित्येक भाऊबंद अंगावरचे केस झाडून खाज आणतात, ती सोय याच्यापाशी नाही. लूत लावण्याचा आळ याच्यावर येऊच शकत नाही.

‘कोळी’ हे नावही त्याला सैल बसतं. प्राकृतात ‘कोलिअ’ म्हणजे विणकर आणि जाळं विणणारा किडाही. हा मात्र सावज धरायला जाळं विणत नाही. रात्री ढोलीच्या तोंडाशी दबा धरतो आणि झडप घालतो. रेशीम लागतं ते ढोलीला अस्तर लावायला आणि अंड्यांच्या पिशवीला. पिल्लंही बरेच दिवस आईच्याच ढोलीत एकत्र राहतात. अशा कोळ्यांना इंग्रजीत म्हणतात ते ‘टॅरंट्युला’ तर इटलीतल्या तारांतो शहरावरून आलेलं नाव, आणि तेही मुळात तिथल्या वेगळ्याच कुळातल्या कोळ्याचं.

फ्रेंच अभ्यासक सिमाँ यांनी 1885 साली या प्रजातीला दिलेलं ‘पिसिलोथेरिया’ हे नाव मला म्हणूनच आवडतं. ग्रीक ‘पॉइकिलोस’ म्हणजे चित्रविचित्र, ‘थेरिऑन’ म्हणजे श्वापद. डिवचल्यावर हा पुढचे पाय उंच उचलतो, तेव्हा त्यांच्या आतल्या अंगाचे पिवळेधमक पट्टे दिसतात.