बेस गिटारमध्ये प्रीॲम्प कसा जोडतात? बॅटरीची काळी वायर कुठे जाते?

साध्या बेस गिटारला बॅटरी लागत नाही. तारेच्या कंपनामुळे पिकअपच्या गुंडाळीत क्षीण विद्युत संकेत तयार होतो आणि व्हॉल्यूम, टोनच्या नॉबमधून तो केबलमध्ये जातो. अशा गिटारला ‘पॅसिव्ह’ म्हणतात. तिचा टोन नॉब ट्रेबल फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. शिवाय केबल लांब असेल तर ट्रेबल वाटेतच घटतो.

गिटारच्या पोटात छोटा प्रीॲम्प बसवला की या दोन्ही अडचणी सुटतात. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरे या बेसमध्ये असा प्रीॲम्प कारखान्यातूनच बसवलेला होता.

सुरुवात कशी करावी?

आधी जागा मोजावी. नॉबखालच्या पोकळीत प्रीॲम्पसोबत ९ व्होल्टची बॅटरीही मावायला हवी. लाकूड कोरावे लागले, तर ते पुन्हा भरून येत नाही. जुन्या वायरिंगचा फोटो काढून मगच सोल्डर सोडवावे.

जोडणी कशी असते?

• पिकअपची संकेताची वायर व्हॉल्यूममधून प्रीॲम्पच्या इनपुटला जाते. पॅसिव्ह पिकअपनंतर लगेच येणारा व्हॉल्यूम पॉट साधारण २५० किंवा ५०० किलोओहमचा असतो.
• प्रीॲम्पचे आउटपुट जॅकच्या टिपला जोडतात.
• सगळ्या ग्राउंड वायरी एकत्र करून जॅकच्या स्लीव्हला जोडतात. ब्रिजकडून येणारी वायरही त्यातच येते. ती सुटली तर तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नाही.
• बॅटरीची लाल वायर प्रीॲम्पला जाते.
• बॅटरीची काळी वायर जॅकच्या रिंगला जाते.

काही प्रीॲम्पमध्ये व्हॉल्यूम नंतर येतो आणि वायरींचे रंगही वेगळे असतात. म्हणून सोबत आलेला नकाशाच प्रमाण मानावा.

रिंगलाच का?

यासाठी जुना मोनो जॅक काढून स्टिरिओ जॅक बसवतात. त्यात साधी मोनो केबल घातली की तिचा दांडा रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना जोडतो आणि प्रीॲम्प सुरू होतो. केबल काढली की बंद. म्हणजे केबल हाच स्विच!

काळी वायर थेट ग्राउंडला जोडली, तरी आवाज व्यवस्थित येतो. त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मात्र बॅटरी रात्रंदिवस खर्च होत राहते. ५०० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून सतत १ मिलिॲम्पिअर प्रवाह गेला, तर ती सुमारे तीन आठवड्यांत संपते आणि कार्यक्रमाच्या मधोमधही दगा देऊ शकते.

झाकण लावण्यापूर्वी

केबल काढून बॅटरीच्या वायरीत मल्टिमीटर जोडावा. प्रवाह शून्य दिसला पाहिजे. बॅटरी क्षणभरही उलटी टेकवू नये, काही प्रीॲम्प त्यानेच जळतात. १८ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडायच्या असतील, तर प्रीॲम्पला ते चालते का हे आधी पाहावे.

शक्य असल्यास प्रीॲम्प वगळणारा बायपास स्विचही बसवावा. बॅटरी संपली, तरी गिटार पॅसिव्ह होऊन वाजत राहते.