समान अशर ते सतरा फेब्रुवारी

'तारीख' हा शब्द अरबी, आणि मराठी मुलखात साल सांगण्याची जुनी सरकारी रीतही अरबीच होती. उदाहरणार्थ, शिरढोण गावाजवळचा कर्नाळा किल्ला इंग्रजांनी १८१८च्या सुरुवातीला घेतला. पेशव्यांच्या दफ्तरात ते साल 'समान अशर मयातैन व अलफ' असे शब्दांत लिहिले जाई. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. मिळून शुहूर सन १२१८. सूर्य मृग नक्षत्रात गेला की हा सन बदले, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पेरणी आणि सारावसुली सांभाळणाऱ्या कारभाराला हे साल सोयीचे होते. लहान संख्या आधी, मोठी नंतर, हा क्रम मराठी कानाला परका नव्हता: 'अठरा'मध्येही आठ आधी येतात आणि दहा मागून. दिवस मात्र मुसलमानी चांद्र महिन्याने मांडत, जसे 'छ १२ जिल्हेज'. यातला 'छ' ही चंद्राची खूण. घरात तिथी चाले: पाडवा, बीज, तीज, चौथ, शुद्ध आणि वद्य. दफ्तरात एक काळ आणि देवघरात दुसरा, हे कोणाला खटकत नसे.

इंग्रजी अमलात दफ्तराची बाजू बदलली. कर्नाळ्याचे किल्लेदार अनंतराव फडके यांचे नातू, क्रांतिकारक वासुदेव बळवंत, शिरढोणला जन्मले, तो दिवस ४ नोव्हेंबर १८४५, मंगळवार. पंचांगाने तो शके १७६७च्या कार्तिक शुद्ध पक्षातला. पुढे लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करताना त्यांच्या हाताखालून इंग्रजी तारखांचेच कागद गेले.

नव्या तारखेचा उच्चार मराठीने आपल्या वळणाने घडवला. पगार 'पहिल्या तारखेला' होतो, पण पुढे 'चार तारीख', 'सतरा तारीख' अशा साध्या संख्याच येतात. फ्रेंचची रीतही अशीच आहे: महिन्याचा पहिला दिवस तेवढा 'प्रमिए', म्हणजे पहिला, चौथा दिवस नुसता 'कात्र', म्हणजे चार. सालही दोन्ही भाषा शेकड्यांनी मोजू शकतात. मराठीत 'अठराशे पंचेचाळीस', तर फ्रेंचमध्ये अठरा, शंभर, पंचेचाळीस.

वासुदेव बळवंत १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कैदेत वारले. तो माघ शुद्ध पक्ष होता. घरचे श्राद्ध तिथीने करण्याची चाल आजही आहे; शिरढोणला त्यांचे स्मरण मात्र दरवर्षी १७ फेब्रुवारीलाच होते आणि त्या दिवसाला पुण्यतिथीच म्हणतात.