गोवा : वसाहतीपासून राज्यापर्यंत

वाचकहो, वसईचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली आणि आपल्या भागातील पोर्तुगीज अंमल संपला. गोव्याच्या नशिबी मात्र तो आणखी सव्वादोनशे वर्षे राहिला.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. त्या वेळी तेथील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. १५६० पासून इन्क्विझिशनने हिंदूंना व नवख्रिस्तींनाही छळले. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला.

यापुढचा अध्याय अधिक मोलाचा आहे. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हे १६ जानेवारी १९६७ रोजी थेट जनतेलाच विचारले गेले. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणवादी होते; त्यांनी कौल मानला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत जनतेने पुन्हा त्यांच्याच हाती कारभार दिला! ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले.

मुलांना आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावतो. पराभव मानूनही लोकांची सेवा करता येते, हा धडाही त्यांना याच इतिहासातून द्यावा.